फळीवरच्याशी बोलत राहायचं

शमीमआपांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी पालथा होतो. त्यामुळे मला आधी दिसल्या त्या त्यांच्या चपला. तपकिरी, एक पट्टा पुन्हा शिवून घेतलेला, टाचांना आमच्या खाचरातला चिखल. थोरांविषयी लिहायचं तर सुरुवात त्यांच्या चरणांपासून करावी, असं आमचे शाळेतले गुरुजी सांगायचे. माझ्याकडून ते आपसूक घडलं, त्यात माझी नम्रता काही नव्हती.

आपांना यंदा पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. भोरमध्ये त्यांना सगळे आपा म्हणतात, वेल्ह्याकडे आपाबाई म्हणतात, आणि आडनाव विचारलं तर दोन्हीकडची माणसं विचारात पडतात. त्या फिजिओथेरपिस्ट आहेत. पुण्यातल्या एका मोठ्या इस्पितळातली नोकरी सोडून त्या सासरी भोरला आल्या आणि त्यांचे यजमान यासीनभाई यांच्या मोटारसायकल गॅरेजच्या मागच्या खोलीत त्यांनी काम सुरू केलं. मोटारसायकलवरून पडून पाठीचा नाहीतर मानेचा मणका मोडलेली आमच्या दोन्ही तालुक्यांतली कितीतरी माणसं त्या खोलीतून गेली आहेत. मी त्यांतलाच एक. आधी पेशंट, मग मदतनीस, आणि आता नव्याने जायबंदी झालेल्यांशी व त्यांच्या घरच्यांशी बोलणारा त्यांचा सहकारी. गौरव समितीने हा लेख माझ्याकडे सोपवला तेव्हा आपा शेजारीच बसल्या होत्या. म्हणाल्या, "लिही विलास, पण माझी देवी-बिवी करू नकोस." ती अट पाळून लिहितो आहे.

आमचं गाव गुंजवणी नदीच्या वरच्या अंगाला. मी आणि माझा चुलतभाऊ दत्ता, दोघं दोन गाड्यांवर कामथडीहून पाहुण्यांकडचं जेवण उरकून परतत होतो. दुपारची वेळ. कोणी प्यायलेलं नव्हतं, कोणाला घाई नव्हती. हे मुद्दाम सांगतो, कारण अपघातामागे काहीतरी पाप सापडल्याशिवाय लोकांचं समाधान होत नाही. रस्त्याचं काम चालू होतं. वळणावर बारीक खडी सांडली होती, गाडी घसरली आणि मी मोरीच्या कठड्यावर पाठीवर आदळलो.

दत्ता मागून आला. त्याने काखेत हात घालून मला उचललं, बसवलं, पाणी पाजलं, नाव घेऊन गदागदा हलवलं. मग ओळखीचा एक गाडीवाला थांबला. त्याच्या मागे मला बसवून माझ्या मागे दत्ता बसला, मला छातीशी घट्ट धरून. माझे पाय खाली लोंबायला लागले, तेव्हा दत्ताने आपल्या डोक्याचा टॉवेल फाडून ते फूटरेस्टला बांधले. असे आम्ही नसरापूरला पोचलो. आमच्याकडे पडलेल्या माणसाला असंच आणतात. आधी उभा करून बघतात, मग दोघांच्या मध्ये बसवतात, म्हणजे तो परत पडायला नको. रीत मायेचीच आहे. त्याहून वेगळं काही करायचं असतं, हे आम्हाला कोणी सांगितलेलं नव्हतं.

पुण्याला ऑपरेशन झालं. मणक्याला पट्ट्या बसल्या. पाय माझ्याबरोबर घरी आले, पण तेवढंच.

आपा आमच्या घरी आल्या त्या दिवशी दत्ता माझ्या पायांना तेल चोळत होता. रोज सकाळ-संध्याकाळ चोळायचा. घाम निथळेपर्यंत चोळायचा. माझं तोंड उशीच्या कडेवरून खाली, त्यामुळे पुढचं सगळं मी चपलांकडे बघत ऐकलं.

"कोण चोळतंय?" आपांनी विचारलं.

"म्या. दत्ता. चुलतभाऊ हाय ह्याचा."

"कशासाठी?"

"जीव यील म्हणून."

मग चपला पुढे सरकल्या. "चोळ, हरकत नाही, हलक्या हातानं," आपा म्हणाल्या. "पण ह्याच्या कमरेखाली ही जखम झालीय, ती कुणी पाहिली का?"

कोणी पाहिली नव्हती. मला ती कळतच नव्हती. एका कुशीवर, एका अंगावर पडून पडून कातडी आतून मरत चालली होती. पाठीचा मणका मोडलेली माणसं बऱ्याचदा मणक्याने मरत नाहीत, अशा जखमा चिघळून मरतात, हे मला पुढे कळलं. आपांनी माझ्या आईला समोर बसवलं आणि सांगितलं, की ह्याला दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची, दिवसा आणि रात्रीही. आईने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. घड्याळ कधीचंच बंद होतं.

दुसरी कोणी असती तर घड्याळ दुरुस्त करून घ्या म्हणाली असती. आपांनी विचारलं, "वहिनी, दिवसभरात काय काय ऐकू येतं इथं?" आई सांगायला लागली. सकाळी दुधाचा टेम्पो. मग शाळेची घंटा. मग नळाला पाणी येतं त्याचा गलका. मग एस.टी. मग गुरं घरी येतात त्यांच्या गळ्यातल्या घंटा, मग शेजारच्या टीव्हीवरची मालिका. आपांनी त्या सगळ्यांना माझी एकेक कूस वाटून दिली. दुधाच्या टेम्पोला डावी, शाळेच्या घंटेला उजवी. एखाद्या दिवशी एस.टी. आलीच नाही की आई दारात उभी राहून ड्रायव्हरच्या नावाने बोटं मोडायची, आणि मोडता मोडता आत येऊन मला वळवायची. रात्रीची पाळी दत्ताची होती. त्याला कशाचाही आवाज लागायचा नाही, त्याला तशीही झोप नव्हती. माझी जखम भरली. आज मी हे लिहितो आहे ते दुधाच्या टेम्पोच्या कृपेने, असं आपांना म्हटलं की त्या म्हणतात, "आणि तुझ्या आईच्या मनगटाच्या."

आपांचा दुसरा गुण, म्हणजे त्यांना खोटं बोलता येत नाही. हा गुण आहे, हे पटायला मला वेळ लागला. अंगात थोडी ताकद आल्यावर मी त्यांना विचारलं, "आपा, मी चालेन ना?" आमच्याकडे येणारा प्रत्येक जण तोपर्यंत 'चालशील की, पळशील' म्हणून गेला होता. एकाने तर कोंबडं कबूल करायला सांगितलं होतं. आपा खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. "नाही विलास," त्या म्हणाल्या. "पायांवर नाही चालणार तू. बसशील, एकट्यानं अंघोळ करशील, गाडी चालवशील, काम करशील. तेवढं मी करून घेईन. चालणं मी करून घेऊ शकणार नाही."

मी त्यांच्याशी बोलणं सोडलं. त्या यायच्या, माझ्या हात-खांद्यांचे व्यायाम करून घ्यायच्या, आईने दिलेला चहा प्यायच्या आणि जायच्या. माझ्या अबोल्याबद्दल त्यांनी एका शब्दाने कधी विचारलं नाही. हळूहळू माझ्या लक्षात आलं, की घरात येणाऱ्या सगळ्या माणसांत ह्या एकट्याच बाईंच्या चेहऱ्याकडे मला न घाबरता बघता येतं. बाकीच्यांच्या तोंडावर ते चालशील-चालशील इतकं चिकटवलेलं असायचं, की मला त्यांचीच दया यायची. एक दिवस मीच म्हणालो, "आपा, साखर कमी पडलीय का चहात?" त्या म्हणाल्या, "रोजच कमी असते. तुझी आई हात आखडता घेते." आईने आतून भांडं आपटलं. तिथून आमचं बोलणं परत सुरू झालं.

आपांच्या कामाविषयी लिहायचं तर यासीनभाईंना वगळता येत नाही. हा माणूस पुढे गाड्या दुरुस्त करतो आणि मागे बायको माणसं. "गाडीचा पार्ट मिळतो. म्हणून माझं काम सोपं," असं ते गिऱ्हाइकाला सांगतात आणि बळजबरीने हेल्मेटवर भाषण ऐकवतात. आपांच्या खोलीतले धरून उभं राहायचे दोन समांतर पाइप त्यांनीच वेल्डिंग करून दिले. ते पहिल्यांदा बसवले तेव्हा उंची यासीनभाईंच्या मापाची झाली होती. आपांनी आमच्यातल्या एका ठेंगण्या पेशंटला पाइपांमध्ये उभं केलं आणि यजमानांना हाक मारली, "हा काय लोंबकळायला आलाय का?" यासीनभाई मुकाट्याने कटर घेऊन आले. पाइप कापताना मात्र पुटपुटत होते, "माणसाचं माप घ्यायला शिंपी बोलवा, मेकॅनिक कशाला."

आता ज्या कामामुळे आपांचं नाव भोरच्या बाहेर गेलं, त्या फळीकडे येतो.

खोलीत येणाऱ्या प्रत्येकाला आपा एक प्रश्न विचारत. पडल्यावर तुला कसं आणलं? उत्तरं सगळी माझ्याच जातकुळीची. मध्ये बसवून आणलं. पाठंगुळीला घेऊन आणलं. डोंगरावरच्या वस्तीतून बांबूला घोंगडं बांधून झोळीतून आणलं, म्हणजे मोडलेल्या मणक्याची आणखी कमान करून आणलं. मग आपांनी ठरवलं, की आता गावोगाव जाऊन शिकवायचं. मणका मोडलाय अशी शंका असेल तर उचलायचं नाही, बसवायचं नाही. एकाने डोकं दोन्ही हातांत स्थिर धरायचं. अँब्युलन्स येण्याजोगी असेल तर येईपर्यंत तसंच थांबायचं. ती येण्याजोगी जागा नसेल, तर सहा जणांनी मिळून त्याला एका दमात, मान-पाठ सरळ ठेवून फळीवर घ्यायचं, बांधायचं आणि आडवाच न्यायचा. फळी नसेल तर घराचं दार काढा.

पहिलं शिकवणं त्यांनी माझ्या गावात, देवळाच्या मंडपात ठेवलं. सकाळची आरती झालेली, निम्मं गाव हजर. मी माझ्या चाकाच्या खुर्चीत नमुना म्हणून पुढे बसलेलो. यासीनभाईंनी रंधा मारून आणलेली फळी मधोमध ठेवली, आपांनी लुगड्याच्या पट्ट्या काढल्या आणि माणसाला ह्यावर आडवं बांधून सहा जणांनी न्यायचं, असं सांगितलं.

आमच्या गावात नामदेवनाना आहेत. गावात कोणीही गेलं तरी तिरडी तेच बांधतात. तेच पहिल्यांदा उठले.

"आपाबाई, तुमी शिकल्या-सवरल्याल्या हाय," नाना म्हणाले. "पर जित्या माणसाला आडवा बांधून गावातनं न्यायचा? ही तर तिरडी झाली. त्याची आई बघंल ना वं. तिचा जीव हितंच जायचा."

सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. माझ्या आईनेही. आणि नानांचं चुकत होतं असं मला आजही वाटत नाही. कोणत्या आईला तसं दृश्य बघवेल? पुण्याहून आलेल्या एखाद्या पाहुण्याने ह्याला अंधश्रद्धा म्हणून भाषण ठोकलं असतं. आपांनी नुसता पदर खोचला आणि त्या स्वतःच फळीवर आडव्या झाल्या.

"बांधा नाना," त्या म्हणाल्या. "तुमच्याइतकी पक्की गाठ कुणाची नाही म्हणतात."

नानांनी कपाळाला हात लावला. पण बाईमाणूस असं आडवं होऊन वाट बघतंय म्हटल्यावर करतात काय? त्यांनी बांधलं. डोकं धरायला आपांनी हाक मारली ती दत्ताला.

दत्ता खांबाला टेकून उभा होता. त्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले. "मला न्हाई जमायचं," तो म्हणाला.

"का?"

माझ्या अपघातानंतर रस्त्यात कोणी पडलेलं दिसलं तर दत्ता गाडी वळवून दुसऱ्या रस्त्याने जायचा, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. मला अंघोळीला न्यायला, खुर्चीत बसवायला तो रोज यायचा, पण उचलताना माझ्या तोंडाकडे बघायचा नाही. त्या दिवशी, देवासमोर, सगळ्या गावासमोर त्याने पहिल्यांदा तोंड उघडलं.

"आपा, खरं सांगा. म्या उचालला म्हणून ह्याचं पाय गेलं का?"

मी माझ्या मांडीकडे बघत बसलो. हा प्रश्न आमच्या घरात माझ्यापेक्षा जास्त जागा अडवून होता आणि कोणी त्याला हात लावला नव्हता. मला वाटलं, आपा आता 'नाही रे बाबा' म्हणतील. त्यांनी तसं म्हणावं असंही वाटलं. एकदा, फक्त एकदा खोटं बोलावं.

आपा फळीवर बांधलेल्या. वर मंडपाच्या पत्र्याकडे बघत बोलल्या, कारण मान वळवता येत नव्हती.

"मला माहीत नाही दत्ता. मणका दगडावर मोडला की नंतर, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. नाही म्हणाले तर तुला आज बरं वाटेल आणि उद्या तू म्हणशील, आपांनी मन राखलं. तू धावलास एवढं मला माहीत आहे. कसं धरायचं ते तुला कुणी शिकवलेलं नव्हतं. मी इतकी वर्षं मोडून आलेल्या माणसांची वाट बघत भोरला खोलीत बसले, तुमच्या रस्त्यावर यायला मला उशीर झाला. तेव्हा हिशेब करायचाच असेल तर त्यात मलाही घे. आता इकडे ये. माझी मान अवघडलीय, डोकं धर."

दत्ता हलला नाही. मग माझी आई उठली. तिने त्याचा दंड धरला आणि म्हणाली, "जा की रं. बाई आडवी पडलीया." एवढंच. दत्ता गुडघ्यांवर बसला, हात पुढे केले. आपा त्याला सांगत गेल्या, तळवे कानाशी, बोटं मानेखाली, कोपरं जमिनीला टेकव, म्हणजे हात थरथरणार नाहीत.

मग फळी उचलली. सहा जण देवळाला फेरी मारायला निघाले आणि आपांनी तोंडाचा पट्टा सोडला. ए, तू बुटका आहेस, मधे जा. अरे हळू, खड्डा आहे. वहिनी, तुमची म्हैस व्याली का? नाना, गाठ कमरेत रुततेय. बायका हसायला लागल्या. फेरी पूर्ण व्हायच्या आत नाना म्हणाले, "तिरडीवरचा गप असतो. ही बाई तर लईच बोलती."

"मग तेच करू नाना," आपा फळीवरूनच म्हणाल्या. "फळीवरच्याला बोलतं ठेवायचं. तो शुद्धीवर आहे का तेही कळेल, आणि बघणाऱ्या आईलाही कळेल की माणूस जिवंत आहे."

नानांनी त्यात आपली एक भर घातली. तिरडी खांद्यावर असते, फळी खांद्यावर घ्यायची नाही, हातात कमरेच्या उंचीवर धरायची. आपांनाही तेच हवं होतं, पडायची भीती कमी. त्या दिवसापासून दोन्ही तालुक्यांत जिथे जिथे फळी आहे तिथे हे दोन नियम आहेत. खांदा द्यायचा नाही, आणि फळीवरच्याशी बोलत राहायचं. आज अनेक गावांत देवळात, दर्ग्यात, नाहीतर पंचायतीच्या ओसरीत एक फळी उभी दिसते. लग्नात तिच्यावर भाजी चिरतात असं आपांच्या कानावर आलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "चिरू देत. वापरात राहील, वाळवी लागणार नाही. फक्त धुऊन ठेवा."

दत्ता आता टेम्पो चालवतो. गेल्या वर्षी शिवऱ्याजवळ त्याच्या पुढेच एका मोटारसायकलच्या चाकात साडीचा पदर गेला आणि मागे बसलेल्या बाई रस्त्यावर पडल्या. अंगणवाडीच्या मंगलताई. दत्ताने टेम्पो आडवा लावला आणि रस्त्यावर गुडघे टेकून त्यांचं डोकं धरलं. भोवती माणसं जमली. उचला, बसवा, पाणी पाजा. दत्ता म्हणाला, "कुणी हात लावायचा न्हाई." एकाने त्याची कॉलर धरली. बाई मरतीया आन ह्यो नुसता धरून बसलाय, असं म्हणत दुसऱ्याने पाठीत गुद्दा घातला. दत्ताला हात सोडता येत नव्हते, त्यामुळे त्याने तो खाल्ला. मंगलताईंच्या यजमानांना त्याने सांगितलं, "दाजी, अँब्युलन्सला फोन करा आन ह्यांच्यासंगं बोला." यजमानांच्या तोंडून शब्द फुटेना, म्हणून दत्ताच बोलत राहिला. अंगणवाडीत काय शिजवता? खिचडी. शेंगदाणं घालता का? न्हाई. मग कसली वं ती खिचडी! अँब्युलन्स येईपर्यंत हे भांडण चाललं होतं.

मंगलताईंच्या मानेचा मणका मोडला होता. डॉक्टर म्हणाले, मान हलली असती तर हात-पाय दोन्ही गेले असते.

पुढे व्यायामासाठी त्या आपांच्या खोलीत यायला लागल्या. एकदा मला सोडायला आलेला दत्ता नेमका तेव्हाच आत आला. मंगलताई पलंगावर उताण्या होत्या, दत्ता डोक्याच्या बाजूने आला. त्या वर बघून ओरडल्याच, "आवं, तुमीच की! तुमचं तोंड म्या उलटंच बघितलंया. दाणं घाला म्हणून भांडत हुता."

मंगलताई आपांचा हात धरून उठल्या, पलंगावरून उतरल्या आणि त्याला दाखवायला म्हणून खोलीच्या दारापर्यंत चालत गेल्या. परत आल्या. दत्ता पुढे गॅरेजमध्ये गेला आणि नळाखाली हात धुवायला लागला. यासीनभाईंनी विचारलं, "काय लागलं रे?" तो म्हणाला, "ग्रीस." हात स्वच्छ होते. यासीनभाईंनी साबणाची वडी पुढे केली आणि ते गिऱ्हाइकाकडे वळले.

खरं सांगायचं तर त्या दिवशी मला आनंदही झाला आणि हेवाही वाटला. मंगलताई चालत गेल्या तेवढं अंतर मी नजरेने त्यांच्याबरोबर गेलो. परत जाताना टेम्पोत दत्ता म्हणाला, "इलास, ती चालली." मी म्हणालो, "बघितलं की." खूप पुढे गेल्यावर तो म्हणाला, "तू बी चालला असतास." मी म्हणालो, "किंवा नसतो चाललो. आपांना माहीत नाही, तर आपल्याला काय माहीत असणार? तू गाडी चालव." त्यानंतर तो मला उचलताना माझ्या तोंडाकडे बघायला लागला.

आपांच्या गौरवाचा कार्यक्रम पहिल्या मजल्यावरच्या सभागृहात ठरला होता. आपा बघायला गेल्या, जिना पाहिला, तशाच मागे फिरल्या आणि समितीला म्हणाल्या, "माझे निम्मे पाहुणे इथं वर येऊ शकत नाहीत. मला वर बसवून तुम्ही सत्कार कुणापुढं करणार?" म्हणून कार्यक्रम गॅरेजसमोरच्या पटांगणात आहे. गाड्या हलवायचं यासीनभाईंनी कबूल केलं आहे, हे त्यांच्या दृष्टीने मोठंच दान आहे.

शेवटी एकच सांगतो. दरवर्षी आमच्या देवळात फळीची उजळणी होते, आणि दरवर्षी फळीवर आपाच झोपतात. यंदा आम्ही सगळ्यांनी विनवलं, की आता वय झालं, एखाद्या तरुणाला झोपवू. त्यांनी ऐकलं नाही. नानांनी गाठी मारल्या. नव्वदीला टेकलेत, पण गाठ तीच. दत्ता डोक्याशी बसला. तळवे कानाशी, कोपरं जमिनीला. सगळी तयारी झाली, मी समोर जमलेल्यांना समजावून सांगत होतो आणि मध्येच लक्षात आलं, की आपांचा आवाज येत नाही. डोळे मिटलेले. तोंड किंचित उघडं. नानांचा चेहरा पांढराफटक पडला.

दत्ता खाली वाकला. हात मात्र तसूभर हलवले नाहीत. "आपा," तो म्हणाला, "बोला की वं."

आपांनी डोळे उघडले. समोर त्याचं उलटं तोंड बघून हसल्या. म्हणाल्या, "अरे, डोळा लागला होता. तू धरलंस की मानेवर भारच राहत नाही."

ज्या हातांकडे दत्ता वर्षानुवर्षं बघू शकत नव्हता, त्या हातांत आमच्या आपा भर सकाळी, भर गावात झोपी गेल्या होत्या. दत्ताच्या डोळ्यांतलं पाणी त्यांच्या कपाळावर पडलं. पुसायला त्याचे हात मोकळे नव्हते. आपांचे हात बांधलेले होते. माझ्या आईने पदराने दोघांचंही पुसलं.

आपा, पंच्याहत्तरीचा थकवा आम्हाला दिसतो. थकाल तेव्हा विसावा घ्या, डोकं धरायला माणूस तयार आहे. पण फार वेळ डोळे मिटू नका, नाना घाबरतात. अजून पुष्कळ गावांत फळी पोचायची आहे, आणि माझ्या आईच्या चहात साखर अजूनही कमीच आहे. तब्येत सांभाळून, आम्हाला अशाच रागावत, पुढची कितीतरी वर्षं बोलत राहा.